वेंडेलचा न तुटणारा बोल्ट

"या हिवाळ्यात आपलं यंत्र एकदाही बंद पडणार नाही! लिहून ठेवा!" वेंडेल ट्रेझोनानं नोव्हेंबरातच जाहीर करून टाकलं.

लिहून कुणीच ठेवलं नाही. कारण हे यंत्र, म्हणजे घरापुढचा बर्फ उडवणारा त्याचा लाल स्नोब्लोअर, गेल्या हिवाळ्यात अकरा वेळा बंद पडलं होतं. दर वेळी तुटायची ती एकच वस्तू, बोटाएवढी पिन. पात्यांत दगड, लाकूड काही अडकलं की ही पिन तुटते आणि पाती थांबतात. मग वेंडेलनं बर्फात आडवं पडायचं, हातमोजे काढायचे आणि बोटं बधिर होईपर्यंत नवी पिन बसवायची.

या वर्षी त्यानं जालीम उपाय शोधला. आजोबांनी तांब्याच्या खाणीतून आणलेला एक पोलादी बोल्ट गॅरेजात पडला होता. तो त्यानं पिनेच्या जागी बसवून टाकला.

शेजारच्या लिओनं ते पाहून कपाळावर हात मारला. "अरे बाबा, ती पिन तुटण्यासाठीच असते!"

"असणारच! दुकानदाराचा धंदा चालतो ना त्यावर! आता बस म्हणावं माशा मारत!"

एवढ्यावर थांबेल तर तो वेंडेल कसला! रस्त्यावरचा बर्फ बाजूला लोटणारा काउंटीचा, म्हणजे सरकारी, ट्रक दर हिवाळ्यात त्याची रस्त्याकडेच्या खांबावरची टपालपेटी उडवायचा. घरात बर्फ ढकलायचं मोठं सुपडं होतं, पत्र्याचं, लांब दांड्याचं, दारातून जेमतेम निघेल एवढं रुंद. यंत्रं येण्याआधी सगळा गाव असल्या सुपड्यांवरच जगला होता. "आता याला कोण विचारतो!" म्हणत वेंडेलनं ते कापलं, वर जाड लोखंडी पट्ट्या ठोकल्या आणि त्याची टपालपेटी केली. रणगाडा गेला तरी चेपणार नाही अशी!

सासूबाई, सायमा हार्जू, वय ब्याऐंशी, खिडकीशी बसून हे सगळं ऐकत होत्या. नुसतं ऐकतच होत्या, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चिंध्यांचे गालिचे विणण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. पण आता लाल कुठला आणि तपकिरी कुठला तेच कळेना, म्हणून माग वर्षभर तसाच पडला होता. हात मांडीवर ठेवून त्या गप्प बसून राहायच्या. ते बघून वेंडेलला फार वाईट वाटायचं.

डोळ्यांचे डॉक्टर हॉस्पिटलात महिन्यातून एकदाच यायचे. सप्टेंबरात ऑपरेशनसाठी नाव घातलं, तेव्हा जानेवारीतला एक गुरुवार मिळाला. सकाळी नऊची वेळ. ती चुकली की नाव रांगेच्या शेवटी, थेट मे महिना!

"आपण बुधवारीच हॉस्पिटलाजवळ माझ्या भावाकडे जाऊन राहू या," वेंडेलची बायको रूथ म्हणाली होती.

"कशाला? यंत्र आहे ना!"

गुरुवारी सहाला रूथनं पडदा सरकवला आणि किंचाळलीच. गावालगतच्या सरोवरावरून रात्रभर बर्फ आला होता. चांगला मांडीपर्यंत!

"सव्वाआठला निघायचंय, वेंडेल!"

"साडेसातला गाडी दारात उभी करतो!"

त्यानं दोरी ओढली. यंत्र खोकलं. पुन्हा ओढली. पुन्हा खोकलं. मग कळलं, इंजिनाला पेट्रोल देणारी नळीच गोठून बसलीय. "रूथ, तुझा केस वाळवायचा ड्रायर आण!" पाऊण तास तो यंत्राला ड्रायर दाखवत बसला. आणि रूथ ओल्या केसांनी दारात उभी!

सात चाळीसला यंत्र एकदाचं धडधडलं. काय वेग! बर्फाचा फवारा लिओच्या छपरावर. आठ वाजता रस्ता हाताच्या अंतरावर आला. वेंडेलनं बायकोकडे वळून अंगठासुद्धा दाखवला.

तेवढ्यात केशरी दिवा लुकलुकला. काउंटीचा ट्रक आला, घरघरत गेला आणि वेंडेलच्या तोंडासमोर कमरेएवढा बर्फाचा बांध घालून गेला!

टपालपेटीचा खांब आडवा झालाय आणि पेटी गायब आहे, हे त्याला दिसायला हवं होतं. पण त्याचं लक्ष घड्याळाकडे. दात-ओठ खात त्यानं यंत्र बांधात घुसवलं.

धाडकन आवाज झाला! ठिणग्या उडाल्या, धूर निघाला, बर्फावर काळं तेल सांडलं आणि सगळं गार.

"पिन तुटली का रे?" लिओ खिडकीतून ओरडला.

वेंडेलनं वाकून पाहिलं. पात्यांत टपालपेटी अडकली होती. "नाही! बोल्ट शाबूत आहे!"

"आणि बाकीचं?"

वेंडेलनं तेलातून एक तुकडा उचलून दाखवला. एरवी पिन तुटली असती, पाच मिनिटांचं काम होतं. आज पिन नव्हतीच, म्हणून गिअरबॉक्सचे दोन तुकडे झाले.

आठ वाजून सात मिनिटं. रूथ कोट घालून, फाइल छातीशी धरून उभी होती. तिनं फक्त मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. वेंडेल धावत घरात गेला आणि हाताला लागला तो केकचा ट्रे घेऊन बांध उकरू लागला. ट्रेभर बर्फ काढावा, तर दोन ट्रे वरून घसरायचा. मे महिना डोळ्यांसमोर दिसू लागला. रडायचाच बाकी होता बिचारा.

अंगणातल्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या मागून खरखर आवाज आला. सायमाबाई स्वतःचं सुपडं ढकलत येत होत्या!

"तू माझंही कापशील म्हणून लपवून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "हो बाजूला."

"आई, अहो, तुम्हाला दिसतंय तरी का?"

"बर्फ पांढरा असतो, वेंडेल. एवढं मला माहीत आहे."

आणि लागल्या की कामाला! सुपडं खुपसायचं, दांडा दाबायचा, घसरत न्यायचं, ओतायचं. लिओ आपलं सुपडं घेऊन धावत आला. वेंडेल ट्रेनं सांडलवंड गोळा करत होता. आठ पंचविसाला गाडी बाहेर पडली, दोनदा घसरली, एका वळणावर तिघांनीही डोळे मिटले. नऊला दोन मिनिटं कमी असताना सायमाबाईंनी नर्सला नाव सांगितलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे वाकायचं नाही, जड ढकलायचं नाही."

"मग सुपडं याच्याकडे द्या," सायमाबाईंनी वेंडेलकडे बोट दाखवलं.

मेकॅनिकनं सांगितलं, गिअरबॉक्स यायला सहा आठवडे. बोल्ट मात्र त्यानं कागदात गुंडाळून परत दिला. "घ्या! याला ओरखडासुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. तिसऱ्या दिवशी सकाळी वेंडेल बाहेर सुपडं ढकलत होता, पाठीचे टाके ढिले झाले होते. आत सायमाबाईंनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं. "हा लाल," त्या म्हणाल्या. "हा तपकिरी. रूथ, हा तपकिरी आहे!" रूथला रडू फुटलं. काचेतून ते पाहून वेंडेलनंही हातमोज्यानं डोळे पुसले. सगळं भरून पावलं म्हणायचं!

इतक्यात खिडकी उघडली.

"वेंडेल!"

"काय, आई?" आता त्या शाबासकी देणार, म्हणून तो सरसावून उभा राहिला.

"खांबापाशी राहिलंय. पायरीखालीही राहिलंय. आणि काय रे, इतकी वर्षं असंच अर्धवट काम करायचास? मला दिसत नव्हतं म्हणून?"

वेंडेलनं मान खाली घालून सुपडं उचललं. हे एका डोळ्यानं! दुसऱ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे.