कोंडवाळची तात्पुरती सोय

सरकारदरबारी ‘तात्पुरते’ या शब्दाइतकी टिकाऊ वस्तू दुसरी नाही. आमच्या कोंडवाळच्या पंचायतीची कचेरी गेली एकतीस वर्षे तात्पुरत्या जागेत आहे. शाळेचे छप्पर तात्पुरते आहे. खाण कंपनीने ‘तूर्त असू द्या’ म्हणून रस्त्याकडेला ओतलेल्या मातीच्या डोंगरावर आता काजू धरतात आणि मोसमात बऱ्यापैकी हुर्राक, म्हणजे काजूची दारू, निघते. त्यामुळे बंद खाणीच्या खड्ड्यात अणुवीज केंद्रांचे वापरून झालेले इंधन ‘तात्पुरते’ ठेवायचे आहे, असे पत्र आले तेव्हा जाणकारांनी ओळखले की हा पिढ्यान् पिढ्यांचा विषय आहे.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगतो. अणुवीज केंद्रात इंधनाच्या कांड्या असतात. त्या एक-दोन वर्षे पाणी तापवतात, त्या वाफेवर वीज होते आणि त्या विजेवर तुमचा मोबाईल चार्ज होतो. मग कांड्या थकतात. काम संपते पण ताप संपत नाही (आमच्या माजी सरपंचांसारखे समजा). त्यांना आधी काही वर्षे पाण्यात बुडवून ठेवायचे, मग जाड पिंपात कोंडायचे आणि मग माणसांपासून लांब दहा हजार वर्षे सांभाळायचे. ‘माणसांपासून लांब’ याचा अर्थ पुस्तिकेत दिलेला आहे: राजधानीपासून लांब.

या कामासाठी ‘निवृत्त इंधन साठवण व वहन मंडळ’ स्थापन झाले. ‘वापरलेले’ म्हटले की लोक घाबरतात. ‘निवृत्त’ म्हटले की डोळ्यांसमोर कानटोपी घातलेला सज्जन माणूस येतो.

हे सगळे मी अधिकाराने लिहितो आहे, कारण मी, कृष्णनाथ, या मंडळाचा स्थानिक माहिती सहायक आहे. त्याआधी सव्वीस वर्षे मी खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो. खनिजाचा ट्रक काट्यावर चढायचा, काटा कण्हायचा, मी वजन लिहायचो आणि ‘जादा भार’ या रकान्यात ‘निरंक’ असे लिहायचो. सव्वीस वर्षांत त्या रकान्यात दुसरा शब्द गेला नाही. काय बिशाद! मंडळाच्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, रकाना भरता येतो का? मी लिहून दाखवला. साहेब म्हणाले, अक्षर सुंदर आहे. लगेच मेज मिळाले, खुर्ची मिळाली, शिक्का मिळाला.

कोंडवाळची निवड पूर्णपणे शास्त्रीय पद्धतीने झाली. अहवालात कारणे आहेत. खड्डा तयार आहे, खणायला नको. रस्त्याला जड ट्रकांची आणि रस्त्याकडेच्या माणसांना खोकल्याची सवय आहे. गावात चौतीस ट्रक खाण बंद झाल्यापासून दारात उभे आहेत (पैकी अकरांत कोंबड्या अंडी घालतात). शिवाय खड्ड्यात पावसाचे आणि झरीचे मिळून भरपूर पाणी आहे, जे कांड्या गार ठेवायला लागतेच. आणखी एक कारण छापायचे राहून गेले होते, ते मला तोंडी सांगितले. लोक चांगले आहेत.

पाण्याविषयी एक बारीकशी गोष्ट. ते आम्ही पितो. खाणीने विहिरी आटवल्या त्या आटूनच राहिल्या, म्हणून खड्ड्याला पंप लावून तेच पाणी वरच्या वाड्याच्या नळांना आणि कुळागरांना, म्हणजे पोफळीच्या बागांना, जाते. घरे दोनशे बारा. अहवालाने हे लपवलेले नाही. स्पष्ट लिहिले आहे, ‘सदर जलसाठ्याचा सध्या किरकोळ वापर होतो.’ त्या किरकोळात माझेही घर येते. म्हणजे मी, माझी बायको पद्मावती, तिने पोटच्या पोरांसारख्या वाढवलेल्या एकशे चाळीस पोफळी आणि पहिल्या बाळंतपणाला आलेली आमची सेजल. पुढे जनसुनावणी झाली तेव्हा तिला आठवा महिना लागला होता.

आता वहन. एकशे दहा टनांचे एकेक पिंप मुरगाव बंदरात उतरणार आणि साखळी गावावरून आमच्याकडे येणार. वाटेतल्या एका पुलावर ‘कमाल भार सोळा टन’ असा फलक होता. तज्ज्ञांनी पुलाची दोन दिवस पाहणी करून फलक बदलला.

मग रंगीत तालीम झाली. पिंपाऐवजी सिमेंटची नळकांडी बाबलीच्या ट्रकावर चढवली. बाबली हा आमच्या गावचा ट्रकमालक. सहा वर्षे ट्रक रोज पुसतो, हॉर्न वाजवून बघतो आणि परत घरात जाऊन बसतो. त्या दिवशी त्याने ट्रकाला झेंडूची माळ घातली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, खोटे का सांगा! पन्नासेक किलोमीटरला अकरा तास लागले. त्यात म्हशी पंचवीस मिनिटे, वरात एक तास दहा मिनिटे, साखळीला पातळ भाजी आणि उंडे पाव चाळीस मिनिटे (सुरक्षा पथकासह), आणि बाकीचा वेळ रस्ता. तालीम यशस्वी झाल्याचे आधीच छापून ठेवले होते, त्यामुळे ती यशस्वी झाली.

गावच्या शिवेवरल्या वळणावर बाबली खाली उतरला आणि एका दगडापुढे त्याने विडी ठेवली. मागच्या गाडीतून मंडळाचा जनसंपर्क सल्लागार सर्वेश उतरला. हा पणजीचा, हुशार पोरगा, बोलताना दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढतो.

“हे काय?” त्याने विचारले.

“राखणदार. शिमेर रवता. गाव राखता,” बाबली म्हणाला.

“कधीपासून?”

“आज्याच्या आज्याकय म्हायत नाय. पण एक दीस रजा घेतल्याचां कोणी ऐकूक नाय.”

सर्वेशचा चेहरा उजळला. कारण मंडळाची मोठी अडचण पहारेकऱ्याची होती. इंधन राखायचे दहा हजार वर्षे आणि कंत्राटी पहारेकरी नेमता येतो अकरा महिने. म्हणजे दहा हजार नऊशे नऊ वेळा निविदा काढायची आणि वर एक महिना उरतोच. सर्वेशने त्याच आठवड्यात राखणदाराच्या नेमणुकीचे पत्र काढले. (‘निर्व्यसनी’ हा शब्द विडीमुळे खोडला.) पत्र मीच दगडाखाली ठेवून आलो. पंधरा दिवस पोच आली नाही, तेव्हा नियमाप्रमाणे ‘मौन म्हणजे स्वीकृती’ असा शेरा मारून फाईल बंद केली.

उरली जनसुनावणी. कायद्याला लोकांचा होकार लागतो (कायद्याला अशा काही जुन्या सवयी आहेत). सर्वेशने मला विचारले, “काका, तुमच्या गावात लोक न भांडता हो कशाला म्हणतात?”

मी खरे ते सांगितले. माझी अक्कल गवत खायला गेली होती, दुसरे काय! मी सांगितले, गाऱ्हाण्याला. आमच्याकडे कसलेही कार्य असो, आधी देवाला गाऱ्हाणे घालतात. मानकरी मोठ्याने देवाशी बोलतो आणि प्रत्येक वाक्याशेवटी जमलेला गाव एका आवाजात म्हणतो, “व्हय म्हाराजा!” वाक्य ऐकावे लागत नाही. मानकऱ्याचा सूर खाली आला की ‘व्हय’ आपोआप वर येते. आईच्या कडेवर असल्यापासूनची सवय आहे. सर्वेशने विचारले, गाऱ्हाण्याचा मान कोणाचा? मान बाबलीच्या घराचा. सर्वेशने हवेत एक मोठा चौकोन काढला.

बाबली आधी बिचकला. मग दारातल्या ट्रकाकडे बघून म्हणाला, “देवाकच सांगतंय मां? मग देव बघतलो.”

सुनावणीला मांडवात तीनशे सोळा माणसे होती. वर बॅनर, खाली समई, कोपऱ्यात आवाज टिपणारे यंत्र. बाबलीने मुंडासे बांधले, नारळ हातात धरला आणि मंडळाचा त्रेचाळीस कलमी मसुदा देवापुढे मांडायला घेतला.

“बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या धन्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ह्या मंडळान आपली निवृत्त लेकरां तुझ्या पदरात घालूचो घाट घातलेलो आसा, तो शिद्दीक जांव!”

“व्हय म्हाराजा!”

“धा हजार वर्सां तेंका उष्णतेची बाधा होव नये म्हणान आमच्या खड्ड्याचां पाणी तेंका दिवक ह्या गावाची राजीखुशी आसा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. बायकांच्या बाजूने मात्र कोणीतरी ओरडले, “नाय म्हाराजा!” माना वळल्या. पद्मावती उभी होती. “अरे, पाणी दितास तुमी, पाणी! कानांत काय बुच्चां घातल्यात?” पण तोवर बाबलीने पुढचे कलम घेतले होते आणि गावाने व्हय म्हटले होते. गाऱ्हाणे मध्येच तोडणे अशुभ असते. यंत्राने एकूण त्रेचाळीस होकार टिपले. पद्मावतीचा आवाज इतिवृत्तात ‘ध्वनिक्षेपकाची खरखर’ असा आला आहे. इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

लोकशाहीत तक्रारीला दार बंद नसते. हरकतीला तीस दिवसांची मुदत होती आणि हरकतीचा अर्ज माझ्याकडे मिळत होता, सकाळी दहा ते एक. पद्मावतीने घरी जेवताना मागितला, तेव्हा मी तिला वेळ सांगितली. दुसऱ्या दिवशी ती दहा वाजता कचेरीत आली. बरोबर सेजल. पोरीला बसायला मी माझी खुर्ची दिली, हे नोंदवून ठेवतो.

अर्ज तसा सोपा आहे. तीन प्रती, ओळखीचा पुरावा, घरपट्टीची पावती आणि बाधित असल्याचा दाखला. हा दाखला बाधा झाल्यावर मिळतो. बाधा होण्याआधी हरकत घेता येत नाही, आणि बाधा होईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. इतकी घट्ट बसणारी तरतूद मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. मी तसे तिला कौतुकाने समजावले.

पद्मावतीने लेकीच्या पोटाकडे बोट दाखवले. “ह्या पोर आयल्यार तेका त्या पाण्यान न्हाणयतलंय. तां पाणी तोंडात जातलां तेच्या. तुमीच सांगा, चलात काय? मंडळाचां नको, तुमचां सांगा.”

मी म्हणालो, विहित नमुन्यात तसा रकाना नाही.

तिचा आवाज चढला नाही. म्हणाली, “सव्वीस वर्सां काट्यार बसल्यात. एका तरी ट्रकाक जड म्हणान सांगलात?”

मग दाखल्याशिवायच अर्ज मेजावर ठेवून ती सेजलला हाताला धरून निघून गेली. अर्ज बराच वेळ तसाच पडून होता. शिक्का मारावासा वाटला, खरेच वाटला. हात शिक्क्यापर्यंत गेलाही होता. पण दाखला नव्हता. तिसाव्या दिवशी हरकतींची वही पणजीला पाठवायची होती. ‘प्राप्त हरकती’ या रकान्यात मी लिहिले, निरंक. अक्षर नेहमीसारखेच आले, कुठेही हलले नाही.

पहिले पिंप दिवाळीआधी आले. बाबलीचा ट्रक पुढे, वळणावर विडी, सगळे रीतीप्रमाणे. त्याच सकाळी, पोदेर पाव देऊन गेल्यावर, पद्मावतीने सेजलची पिशवी भरली, पोफळींच्या पंपाची चावी मेजावर ठेवली आणि पेडण्याला माहेरी जायला निघाली. मी विचारले, किती दिवसांसाठी?

“तात्पुरती जातंय,” ती म्हणाली.

नातू पेडण्यालाच झाला. बारशाचा मला फोन आला, निमंत्रण नाही. पोफळींना मी पाणी लावतो. पाणी रंगाने, वासाने काही वेगळे वाटत नाही, तसे पत्रकही मीच वाटले आहे. घरी नळाखाली भांडे धरतो आणि पिण्याआधी थोडा वेळ हातात धरून बसतो. मंडळ मला विचारते, काही त्रास? मी लिहून देतो. काय लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता शेवटचे आणि तुमच्या कामाचे. कोंडवाळचा खड्डा लहान पडू लागला आहे, म्हणून दुसऱ्या टप्प्यात आणखी गावे घ्यायची आहेत. नियम असा आहे की तिथल्या लोकांना सर्व माहिती आधी सोप्या आणि शक्यतो करमणूक होईल अशा भाषेत द्यावी. ती तुम्ही आत्ता वाचलीत. वाचताना कुठेही थांबून तुम्ही ‘नाही’ म्हणाला नाहीत. दोन-तीन ठिकाणी तर हसलातही, आणि हसू मंडळ अनुकूल प्रतिसादात धरते. तरी कोणाला हरकत घ्यायचीच असेल तर अर्ज माझ्याकडे आहेत. वेळ दहा ते एक. कचेरीत हल्ली मी एकटाच असतो, घरीही. तुमच्या गावाची वही उघडी आहे, आणि त्या रकान्यात काय लिहायचे त्यावर माझा हात चांगला बसला आहे.