विषय : शेंगोळ्यातील गूळ

आमच्या शेजारचे दिगंबरआण्णा जाहिरातींना उत्तरं लिहितात. फोनवर ईमेल आली, की 'आपणांस घरबसल्या कर्ज मंजूर झाले आहे', की आण्णा चष्मा पुसतात, ओट्यावर मांडी घालतात आणि एका बोटानं लिहितात, 'आपले पत्र पावले. तूर्त कर्जाची आवश्यकता नाही. आठवण ठेवल्याबद्दल आभारी आहे.' खाली नाव, नावाखाली हुद्दा आणि हुद्द्याच्या पुढं 'सेवानिवृत्त'.

हसू नका. म्हणजे हसा, आम्हीही हसलोच. पण त्यांची अख्खी नोकरी तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक बघण्यात गेली, हे ध्यानात घ्या. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का. नोकरी सुटली, अणदूरला घरी येऊन बसले, पण हात काही सुटला नाही. "आवक झाली की जावक झाली पायजे, वैनी," हे त्यांचं ठरलेलं. माझ्या नातवाच्या बारशाचं बोलावणं मी भिंतीवरून तोंडी दिलं, तर दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत चिठ्ठी, 'उपस्थित राहण्याचे योजिले आहे.' आमच्या दोन घरांत भिंत एकच, तीही खांद्याएवढी.

त्यांची बायको कमळा गेल्यावर आण्णा हातानं करून खायला लागले. त्याच सुमारास त्यांना कुठून तरी मेधाबाईंचं पत्र सुरू झालं. मेधाबाई म्हणजे पुण्याच्या कुणी बाई. दर शुक्रवारी ईमेलनं जुन्या पदार्थांचं पत्र पाठवतात. ज्यानं नाव नोंदवलं त्या सगळ्यांना एकच पत्र जातं, फक्त वर ज्याचं त्याचं नाव येतं. आण्णांना यायचं ते 'नमस्कार दिगंबरजी' असं. हे नाव यंत्र घालतं, असं मी एकदा सांगून पाहिलं.

"यंत्राला माझं नाव कुनी सांगितलं?" आण्णा म्हणाले.

आवक झाली म्हणजे जावक आलीच. प्रत्येक शुक्रवारी उत्तर. आणि उत्तर गेलं की तिकडून लगेच यायचं, 'आपला निरोप मिळाला. आभार.' हेही आपोआप येतं, पण आण्णा फोन घेऊन भिंतीशी यायचे. "बगा वैनी, बाई किती कामसू हाय. आमी पाकीट टाकलं की पोच हाजर. आमच्या कचेरीत पोच यायला पावसाळा उलटायचा."

आता आण्णांचं उत्तर म्हणजे काय, तर दुरुस्ती. कारळाच्या चटणीत लसूण आधी कुटावा. आंबाडीची भाजी आधी उकडून पिळावी. अन् एका शुक्रवारी मेधाबाईंनी हुलग्याच्या पिठाच्या तिखट शेंगोळ्यात गुळाचा खडा टाकायला सांगितला. आण्णांनी ते उत्तर मला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. 'विषय : शेंगोळ्यातील गूळ. महोदया, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, गूळ घातलेले शेंगोळे हे शेंगोळे नव्हेत. सबब आपण ते प्रथम शिकून घ्यावेत व मगच इतरांस शिकवावेत.'

"आण्णा, जरा खरमरीत झालं," मी म्हटलं.

"कागद खरमरीतच आसतो, वैनी. मऊ आसती ती चपाती."

पुढच्या शुक्रवारी पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आण्णा भिंतीशी यायचे बंद झाले. समोर दिसले तर मान खाली घालून पटकन आत जायचे. गावचा खंडोबा दरवर्षीसारखा नळदुर्गाच्या देवळात मुक्कामाला गेलेला, गाव तसंही सुनं होतं, त्यात हे असे. मला वाटलं दुखणंबिखणं असेल. अन् एक दिवस दुपारी मी भांडी घासत होते, तर आण्णा दारात. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. पिशवीत नारळ अन् हिरवा खण.

"वैनी, उद्या पुन्याला याल का माझ्यासंगं?"

"पुण्याला? कशाला?"

आण्णा उंबऱ्याकडं बघत म्हणाले, "म्या एका बाईला दुखावलंय."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. पलीकडं माझी जाऊ गहू निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, बाई, पुणं आणि खण! जाऊबाई हळूच म्हणाल्या, "भावजी, पोरान्ला म्हायती हाय का ह्ये?"

"त्यान्ला कशाला सांगू? लाज वाटती," आण्णा म्हणाले, अन् त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग उलगडा झाला. मेधाबाईंनी बोलणं टाकलं, असं आण्णांनी धरलं होतं. रुसलेल्या बाईची ओटी भरावी, मग मन मोकळं होतं, आपल्याकडची रीतच आहे ती. पण ओटी पुरुषानं भरायची नाही, म्हणून मी पाहिजे. पत्ता विचारला तर म्हणाले, "पुन्यात इचारू की कुनालाबी." जाऊबाईंना हसू आवरेना, पदर तोंडात धरून आत गेल्या. मला मात्र हसू आलं नाही, माणूस इतका शरमलेला होता.

"फोन द्या इकडं," मी म्हटलं.

मला ह्यातलं थोडं कळतं, ते माझीच फजिती झाली म्हणून. पुतणीच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही म्हणून मी सगळ्यांवर रुसले होते, अन् ती स्पॅमच्या कप्प्यात सापडली, तवर पुतणीच्या डोहाळजेवणाची वेळ झाली होती. नको असलेलं टपाल फोन त्या कप्प्यात टाकतो, अन् कधी कधी हवं असलेलंही. म्हणून मी आता आठवड्याला तिथं डोकावते. आण्णांचा कप्पा उघडला. कर्ज, कर्ज, गुडघ्याचं तेल, कर्ज, अन् मधे मेधाबाई. सगळे शुक्रवार.

"ह्या बघा. कुठं रुसल्यात? दर आठवड्याला लिहितायत."

आण्णांनी फोन डोळ्यांशी नेला. "मंग ह्यास्नी हितं कुनी टाकलं?"

विचारता विचारता कळलं. कर्जवाल्यांना उत्तरं देऊन देऊन कर्जवाले वाढले, उत्तर देणारं गिऱ्हाईक कोण सोडतं? शेंगोळ्याचं उत्तर धाडलं त्याच आठवड्यात वैतागून आण्णांनी मोबाइलच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं खुणा कशा करायच्या अन् 'स्पॅम' कुठं दाबायचं ते दाखवलं. आण्णांनी घरी येऊन सगळ्यांवर एकदम खुणा केल्या अन् दाबलं. त्यात मेधाबाईही होत्या. तेव्हापासून त्यांचं येईल ते पत्र फोन तिकडंच सारत होता.

"म्हंजी म्याच हाकललं," आण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडूनच करून घेतलं. एकेक पत्र उघडायचं, 'स्पॅम नाही' दाबायचं. मग मेधाबाईंचा पत्ता आपल्या ओळखीच्यांत जपून ठेवायचा, म्हणजे फोनला कळतं ही घरची माणसं आहेत. अन् इथून पुढं, आण्णा, कर्जवाल्यांना उत्तर नाही. त्यांनी मान हलवली, पण लक्ष नव्हतं.

"वैनी," थोड्या वेळानं म्हणाले, "बाईमानूस बोलायचं थांबलं की काय झालेलं आसतं, ते मला ठावं हाय. म्हनून भ्यालो. कमळा आदी ताट वाढून हुबी ऱ्हायाची. मी पैला घास घिस्तवर. म्हनायची, कसं झालंय? मी म्हनायचो मीठ जास्त. मी म्हनायचो भाकर जाड. मंग एक दिस ती ताट ठिवून परसात निगून गेली. पुना न्हाय इचारलं कदी. मला वाटलं, चला, आता हिला येतंय सैपाक. इतकी वर्सं मी त्येच समजत ऱ्हायलो."

कमळाच्या हातची भाकरी मी खाल्लेली आहे. पापुद्रा असा सुटायचा की आत हात घालावा. पण हे त्या वेळी काय बोलायचं?

आण्णांनी शेवटचं पत्र उघडलं. मेधाबाईंनी दोडक्याच्या शिरांची चटणी दिली होती, अन् शेवटी चिमूटभर साखर. मी साखर वाचली अन् चटकन त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनीही वाचली. बोट वर धरून बराच वेळ बसले. मग सावकाश, एकेक अक्षर शोधत लिहिलं अन् फोन माझ्यापुढं केला. विषय नव्हता, महोदया नव्हतं, सबब तर नव्हतंच. लिहिलं होतं, 'चांगलं झालंय.'

"वैनी, ह्याच्या खाली काय लिवत्यात?"

"काही नाही लिहीत, आण्णा. एवढंच असतं ते."

"एवढंच?" ते म्हणाले, अन् त्या दोन शब्दांकडं बघत राहिले.