दुर्वे आणि फळीवरचा माणूस

भालचंद्र दुर्वेने माझ्या लग्नात जिलबी परत पाठवली. स्वतःच्या पानातली नव्हे, अख्खी परात. पंगतीत बसल्या बसल्या एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले, वाढप्याला थांबवलं आणि म्हणाला, "पाक आत गेलेला नाही. लॉट परत!" त्या आवाजात असा काही अधिकार होता, की आचाऱ्याने खरोखर दुसरा घाणा काढला. निम्मी मंडळी तोवर कंटाळून हात धुवायला उठली. जी बसली त्यांनी मात्र तशी जिलबी डोंबिवलीत पुन्हा खाल्ली नाही असं ती आजही सांगतात. माझे सासरे त्या दिवसापासून दुर्वेला घाबरून असत, आणि माझ्याशी त्यामुळे जरा आदराने वागत. मित्राचा असाही उपयोग होतो.

दुर्वे ठाण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात तपासनीस होता. दिवसभर डब्यात काडी बुडवायची, काचेवर रंग ओढायचा, उन्हात धरायचा आणि "लॉट परत" म्हणायचं. पसंत पडलाच तर डब्यावर जांभळा शिक्का. हा शिक्का त्याने आयुष्यात फार थोड्या गोष्टींवर मारला. लग्नासाठी अकरा मुली पाहिल्या, अकराही लॉट परत. बाराव्या मुलीने पोह्यांची बशी खाली ठेवली, दुर्वेला वरून खाली न्याहाळलं आणि आत निघून गेली. दुर्वे तिच्याबद्दल नेहमी आदराने बोलायचा. "तिला नजर होती," म्हणायचा. मग तो एकटाच राहिला, डोंबिवलीत एका खोलीत, स्टोव्हच्या आवाजाला नावं ठेवत.

मी त्या काळी चार पानांचं एक साप्ताहिक काढत असे. आता असल्या माणसाला सदर द्यायचं नाही तर कुणाला? "पारख" नावाने दुर्वे जे दिसेल त्याचं परीक्षण लिहू लागला. टेंभी नाक्याची दहीहंडी पाहून आला आणि लिहिलं, "वरचा थर अनावश्यक. कथा खालीच संपली होती." कल्याणच्या एका नव्या बसथांब्याबद्दल लिहिलं, "नेपथ्य उत्तम. प्रमुख पात्र शेवटपर्यंत रंगमंचावर आलं नाही." लोक शिव्या देत आणि पहिल्यांदा तेच वाचत.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका शनिवारी दुर्वे छापखान्यात आला आणि म्हणाला, "संपादक, पुढचं परीक्षण एका टीव्ही गेमचं."

"तो पोरांचा?"

"समुद्राचा आहे."

त्या गेममागे एक माणूस होता. जनार्दन नाखवा, ठाण्याच्या कोळीवाड्यातला. कारखान्यात दुर्वेच्या शेजारी वीस वर्षं रंगाच्या टाक्या ढवळल्या, आणि सुट्टी मिळेल त्या दिवशी खाडीत होडी घातली. निवृत्त झाला आणि वर्षभरात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात मांडीवर मेलेल्या माशासारखा पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा, अंगठा कामाला लावा, हात परत येईल. त्यांनी रबरी चेंडू दिला दाबायला. नाखवाने तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. "मी काय पोर हाय चेंडू खेलाला?"

आणि समोर नारळी पौर्णिमा. त्यांच्या आळीतला पहिला नारळ नाखवाच्या घरचा. बापाने वाहिला, आज्याने वाहिला. दर्याला नारळ द्यायचा तो उजव्या हाताने. "डावा हात पुढं करून दर्याकडं जाऊ? त्यापरीस घरात बसतंय," असं म्हणून नाखवा खुर्चीत बसला, तो बसलाच. दार लावून घेतलं. खाडीकडची खिडकीसुद्धा.

त्याची मुलगी मस्कतला नर्स. तिने आपल्या भाच्यांसाठी टीव्ही गेम पाठवला, सोबत एक कॅसेट. त्यात काय, तर एक माणूस फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत जातो. संध्याकाळचं आभाळ, मंद संगीत, लांब कुठेतरी एक दीपगृह. बंदूक नाही, राक्षस नाही, गुण नाहीत. दीपगृहापाशी पोचलं की खेळ संपला. वीस मिनिटं.

पहिला समीक्षक वर्ग होता नातवंडांचा. त्यांचा निकाल एका सुरात लागला. "बोअर! एकपण गोळी नाय. लगेच संपतो. मावशीला सांगा, बदलून दे." कॅसेट कपाटावर गेली, ती नाखवाला भेटायला गेलेल्या दुर्वेने खाली काढली.

रविवारी मला घेऊन तो कोळीवाड्यात गेला. वाटेत बजावलं, "हाताचा विषय काढायचा नाही. आपण परीक्षणाला आलोय." आत शिरल्या शिरल्या त्याने नाखवाच्या मांडीवर रिमोट ठेवला. हातात धरून खेळायच्या त्या बटणांच्या पट्टीला पोरं रिमोटच म्हणत.

"नाखवा, मला समुद्रातलं काही कळत नाही. छापून आल्यावर लोक हसतील. तज्ज्ञ म्हणून तू बघ."

तज्ज्ञ म्हटल्यावर नाखवाने एक डोळा उघडला. पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"भरती हाय का ओहोटी?"

दुर्वेने वही काढली. "दाखवलेलं नाही."

"वारा कनचा?"

"तोही नाही."

"मासली?"

"एकही नाही."

"मंग यो फलीवर उभा राहून करतंय काय? आनि याचं घरात कोन नाय काय? एकलाच फिरतंय कवाचा."

दुर्वेने तेवढं लिहून घेतलं नाही. "तू चालवून बघ," म्हणाला.

नाखवाने चालवला आणि फळीवरचा माणूस पाण्यात पडला. पुन्हा उभा केला, पुन्हा पडला. डावीकडे लाट उघडी दिसत होती, तर हा नेमका उजवीकडे दाबायचा. नातवंडं ओरडत, "आजोबा, तिकडं नाय, हिकडं!" तो मान डोलवायचा आणि पुन्हा उलटंच दाबायचा. पाण्यात पडण्याचे जेवढे प्रकार असतील तेवढे त्या दिवशी पाहिले. हिराबाई, म्हणजे नाखवाची बायको, दारात उभी होती. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, डोक्यावर पन गेलंय का हो यांच्या?"

नाखवाने ते ऐकलं असावं. त्याने रिमोट खाली ठेवला.

दोन रविवार तो पुन्हा उचलला नाही. इकडे माझ्या अंकात "पारख"च्या जागी "परीक्षण पुढील अंकी" अशी ओळ आणि खाली मसाल्याची जाहिरात. जो माणूस तीन अंकी नाटकाचं परीक्षण मध्यंतरात लिहून टाकायचा, त्याला वीस मिनिटांचा खेळ उरकेना! मी चिडलो. दुर्वे शांतपणे म्हणाला, "अजून नीट पाहिलेला नाही."

तो मात्र रिमोट पाहत होता. काचेवर रंग पाहायचा तसा, उजेडात धरून. तिसऱ्या रविवारी त्याने मला दाखवलं, "संपादक, दिशेचं बटण डावीकडे आहे. सगळं काम डावा अंगठा करतोय. आपलं गिऱ्हाईक उजवा अंगठा आहे!" आणि त्याने रिमोट उलटा केला. वरची कड खाली, खालची वर. आता ते बटण उजवीकडे आलं. नाखवाचा लुळा हात उचलून त्याने त्यावर ठेवला.

"काका, उलटा पकडला!" पोरं खिदळली. "आता डावीकडे दाबलं तर तो उजवीकडे जाईल!"

"परीक्षणात सर्व बाजू पाहाव्या लागतात," दुर्वे म्हणाला. "नाखवा, एकदाच. माझ्यासाठी."

अंगठा थरथरला. बऱ्याच वेळाने जरासा हलला. फळी वळली. आणि वाचकहो, तो माणूस पडला नाही! लाटेच्या पोटातून सरकन निघाला, वर चढला, खाली आला. नाखवाचा अंगठा मिलिमीटरभर इकडे, मिलिमीटरभर तिकडे. पोरं पडद्याजवळ सरकली. मी तोंड उघडं टाकून उभा. हिराबाईने अचानक कपाळावर हात मारला.

"अगो बाय! हे सुकानू मारतान!"

मग आम्हा डोंबिवलीकरांच्या डोक्यात उजेड पडला. होडीच्या सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. चाळीस वर्षं त्या हाताने तेच केलं होतं. डोकं शाबूत होतं. त्याच्या हिशेबाने तो पहिल्या दिवसापासून बरोबरच दाबत होता.

नाखवाने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, "दुर्व्या, मंगाशी तुम्ही समदे उलटा धरीत होता."

त्यानंतर दुर्वे कारखाना सुटला की रोज तिकडे. रोज एक नवी शंका. "नाखवा, ती तिसरी लाट मला पटली नाही, परत दाखव." नाखवा शिव्या घालत परत दाखवायचा. अंगठ्यामागून बोटं आली. एके दिवशी त्याने त्याच हाताने दुर्वेच्या डोक्यात टपली मारली. हिराबाईने त्या दिवशी शेजारी पेढे वाटले.

नारळी पौर्णिमेला आम्ही दोघे खाडीवर गर्दीत उभे होतो. वाजंत्री, गुलाल, नव्या लुगड्यांची सळसळ. नाखवा पुढे झाला. उजव्या हातात सोनेरी कागदातला नारळ, हात चांगलाच कापत होता. डावा हात मदतीला यायला निघाला, तो त्याने मागे नेला. नारळ पडला म्हणा, वाहिला म्हणा, थोडा तिरका गेला, पण गेला उजव्याच हातातून. लोकांनी एकच जल्लोष केला. दुर्वे चष्मा पुसत होता. खाडीवर धूळ फार असते म्हणाला. भर पावसाळ्यात!

दुसऱ्या दिवशी परीक्षण आलं. मी ते काना-मात्रा न बदलता छापलं. "हा खेळ फार लवकर संपतो अशी तक्रार ऐकण्यात आली. घाई असलेल्यांना वीस मिनिटं लागतात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना पाच आठवडे लागले आणि एक मिनिटही जास्त वाटलं नाही. भरती-ओहोटी दाखवलेली नाही, हा दोष गंभीर आहे. रिमोट कसा धरावा याचं पुस्तिकेतलं चित्र साफ चुकीचं आहे. बाकी खेळ उत्तम." उत्तम! दुर्वेच्या लेखणीतून! वाचकांची पत्रं आली. शहाडच्या एका गृहस्थांनी विचारलं, पुढचा प्रयोग कुठे आहे आणि कुटुंबासह पाहण्याजोगा आहे का.

ती पत्रं दाखवायला मी त्यानंतरच्या एका रविवारी कोळीवाड्यात गेलो. दुर्वे खोलीवर नव्हता, म्हणजे इथेच असणार. हिराबाई ओट्यावर बोंबील साफ करत होती.

"नाखवा आहे का?"

"त्ये खाडीवर. आता घरात ठरतान कुठं? सकालचे गेले, जेवायची पन शुद्ध नाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "भावजी हायत आत. रोज येतान. मी यांना बोलते, दुर्वेभावजी येतान, थांबा जरा. पन पानी दिसला का विसरतान."

आत टीव्ही चालू होता. पोरं केव्हाच बाहेर पळाली होती. दुर्वे एकटाच खाटेच्या कडेला बसून खेळत होता. दीपगृह अगदी जवळ आलं होतं. तिथे पोचायला एक वळण पुरे होतं, पण त्याने फळी फिरवली आणि पुन्हा उघड्या समुद्राकडे निघाला.

"अरे, पोचला होतास की!"

"पोचलं की संपतो," दुर्वे पडद्याकडे बघत म्हणाला.

"परीक्षण तर छापून झालं."

तो माझ्याकडे वळला, रिमोट पुढे केला. "तू चालव."

"मला येत नाही रे."

"बरं झालं," दुर्वे म्हणाला आणि खाटेवर सरकून त्याने मला जागा करून दिली. "न येणाऱ्याला वेळ जास्त लागतो."