किसलेल्या मुळ्याच्या निशाणाची हकीकत

स्वस्ति. फुकुओका शहरीचे थोर वाचक यांची आज्ञा जाहली की, गेल्या डिसेंबरात तेन्जिन पेठेतील कोडवाल्यांच्या सभेत जे तुंबळ जाहले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहून काढावी, पदरचे तिखटमीठ लावू नये. ऐसियास सेवकाने जे डोळां देखिले ते, आणि जे देखिले नाही ते लोणच्याच्या दुकानी बसोन ऐकिले, ऐसे मिळवोन लिहिले आहे. तिखटमीठ कोठे लागले असेल, तर ते दुकानाचे समजावे.

त्या शहरी जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानांच्या मागण्या टिपण्याची सॉफ्टवेअरे रचणारी एक कंपनी, आणि तिच्या पदरी राजश्री कुरोसे तोमोनोरी, वय एकोणचाळीस, शरीरे किरकोळ, बोलणे बेताचे, परंतु कोड लिहावयास बसले म्हणजे चहा निवाला तरी भान नाही, ऐसा मोहरा. यांनी सहा वर्षांमागे इंटरनेटवर टोपणनावाने लिखाण आरंभिले. त्या मुलखीच्या कोडवाल्यांची रीतच ऐसी की, आपला चेहरा कोणी दाखवीत नाही, जे चित्र लाविले तेच त्याचे निशाण; कोणाचे मांजर, कोणाचा बेडूक, कोणाची चहाची किटली. कुरोसे यांचे निशाण म्हणजे दोन पायांवर उभा, एक पान वाकडे, ऐसा पांढरा मुळा, जो त्यांचे कुटुंब चिझुएबाई यांनी माहेरच्या लोणच्याच्या दुकानी गिऱ्हाईक नसता पावतीच्या पाठीवर काढिला होता. आणि नाव 'किसलेला मुळा'. प्रत्येक लेखी आपलीच एक घोडचूक घ्यावी, आधी लक्षण, मग कारण, मग उपाय ऐसी उलगडावी, आणि शेवटी लिहावे, 'चुकलो. पुन्हा किसतो.' ऐसे करिता करिता तीन हजार शिलेदार या निशाणाखाली जमा जाहले, आणि कचेरीत मात्र कोणास गंधवार्ता नाही.

इतकेच काय, विभागप्रमुख शिरामिझुसाहेब मुळ्याचे परम भक्त. दरमहा मुळ्याचा लेख आला की तो कुरोसे यांजकडेच रवाना करोन वर हुकूम लिहावा, "कुरोसे, हे वाचा. माणूस कसा विचार करतो बघा. जरा शिका काहीतरी." आणि कुरोसे यांनी मान लववून "जी, शिकतो" म्हणावे.

ऐसे सुखे चालिले असता नोव्हेंबरात फर्मान सुटले. चाळिशी ओलांडील त्याने एप्रिलापासून कोड सोडोन कारभारी व्हावे, दिवसास पाच बैठका कराव्या, दुसऱ्याच्या रजा मंजूर कराव्या. एकच जागा राखीव. ज्याचे नाव बाहेर गाजते आणि ज्याचे नाव ऐकोन नवे लोक भरतीस येतात, त्याने निवृत्तीपावेतो कोडच लिहावा. पारख डिसेंबरच्या तेन्जिनच्या सभेत साहेब जातीने करणार. कोड सुटला तर आपण उरलो किती, ऐसे कुरोसे यांचे मनी येऊन त्यांनी जेवता जेवता सारे कुटुंबास सांगितले.

"अहो, मग सांगा ना सरळ, तो मुळा मीच म्हणून!" चिझुएबाई म्हणाल्या.

"ही इज्जतीची जागा आहे गं. तिथं मुळा म्हणून कसं उभं राहू?"

"का? मुळ्याला काय झालं? माझ्या माहेरच्या चार पिढ्या मुळ्यावर जेवल्या. तुम्हीसुद्धा आत्ता तोच खाताय."

परंतु होणारास कोण टाळील? कचेरीत शेजारच्या मेजावर तोकुनागा नामे मसलतगार, ज्याने नाव कमावण्याच्या विद्येवरची दोन पुस्तके वाचिली होती, दुसरे अर्धे, त्याने सल्ला दिधला की, "कुरोसेसान, ब्रँड माणसाचा होतो, भाजीचा नाही. खरं नाव, कोट, हाताची घडी. लोकांना विश्वास वाटला पाहिजे." मग कुरोसे यांनी भाड्याचा कोट चढविला आणि हाकाता स्टेशनाजवळच्या फोटोवाल्याकडे स्वारी केली. फोटोवाल्याने तीन वेळां हुकूम केला, "अजून थोडे यशस्वी दिसा," आणि तिसऱ्या वेळी कुरोसे दात दुखल्यासारखे दिसले, तोच फोटो पसंत जाहला. मग सभेच्या आठवड्यात मंगळवारी दोन प्रहरी सहा वर्षांचे निशाण उतरवोन त्या जागी तो फोटो आणि खाली खरे नाव चढविले.

मग जो हल्लकल्लोळ उडाला, काय सांगावे!

"मुळा कुठंय? हा काका कोण?"

"खातं चोरलंय कुणीतरी! सावध राहा!"

"चेहरा बघा चोराचा. वर हाताची घडी घालून बसलाय, निर्लज्ज!"

निशाणावर जीव टाकणारी ती फौज. तिने घटकेत तक्रारींचा ऐसा वर्षाव केला की, दुसरे दिवशी खात्यास कुलूप पडले आणि धनी बाहेर राहिले. आपल्याच इमानी लोकांनी आपल्याच राजास चोर म्हणोन धरोन द्यावे, ऐसा प्रसंग कोण्या बखरीत आमच्या वाचण्यात नाही. चिझुएबाई डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या, आणि मग नवऱ्याचे तोंड पाहोन बाईंनी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढिला.

शनिवारी तिसरे प्रहरी सभा भरली. तेथील नेम ऐसा की, बोलणाऱ्यास मिनिटे पाच, अधिक एक पळ नाही. पाचवे सरताच काशाच्या थाळीवर टोला पडावा आणि बोलणाऱ्याने अर्ध्या वाक्यात खाली उतरावे. थाळीवर ओत्सुबोबाई, ज्यांनी मागील साली स्वतःच्या भावासही सोडिले नव्हते. कुरोसे मंचावर चढले, मागे पडद्यावर तोकुनागाकृत मथळा झळकला, 'माझ्या यशाची सात सूत्रे', आणि मागल्या रांगेतून आवाज आला, "अरे, हाच तो! मुळ्याचं खातं ढापणारा!"

सभेत गलका जाहला. पहिल्या रांगेत शिरामिझुसाहेबांच्या भुवया चढल्या, कारण तक्रार करणाऱ्यांत तेही होते. खात्यावर नाव कुरोसे आणि तो दातदुखीचा चेहरा देखोनही, हा आपला कुरोसे ऐसे त्यांचे स्वप्नीही आले नाही. आता तो चोर आपलाच कुरोसे, हे ध्यानी आले. पहिले मिनिट ऐसेच गेले. कुरोसे यांस सात सूत्रांतले एकही आठवेना. मग त्यांनी लॅपटॉप मिटला.

"लक्षण," ते म्हणाले. "माझ्याच वाचकांनी मला चोर म्हणून पकडून दिलं. कारण... मला मुळ्याची लाज वाटली. बायकोनं काढलेलं चित्र उतरवून मी भाड्याच्या कोटातला फोटो लावला. मला वाटलं, कोट पाहून लोक मला कोड लिहू देतील. मला फक्त कोड लिहायचाय हो, दुसरं काही येत नाही मला. उपाय... उपाय नाही सापडला. माफ करा. चुकलो. पुन्हा किसतो."

मग मागल्या रांगेतला तोच आवाज ओरडला, "अहो, हा मुळाच आहे! असा स्वतःला सोलणारा दुसरा कोण असणार!" आणि मग सारी सभा उठली, मांजरवाले, बेडूकवाले, किटलीवाले, सारे "मुळा! मुळा!" म्हणोन टाळ्या पिटू लागले, आणि पाच मिनिटे सरोन सहावे लागले तरी ओत्सुबोबाईंचा टोला पडला नाही.

शिरामिझुसाहेब मंचाजवळ आले. "कुरोसे, म्हणजे मी सहा वर्षं तुमचेच लेख तुम्हाला पाठवत होतो?"

"जी."

"आणि तुम्ही 'शिकतो' म्हणायचात?"

"थोडंफार शिकलोही, साहेब."

साहेब हसावे की रागवावे या विचारात पडले, आणि मग हसले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फौजेने तक्रारी मागे घेतल्या, तिसरे दिवशी कुलूप उघडले, वाकड्या पानाचे निशाण पुनः चढले. राखीव जागा कुरोसे यांस बहाल जाहली, आणि नव्या ओळखपत्रावर कंपनीने मुळाच छापविला. तोकुनागा यांनी दुसऱ्या पुस्तकाचा उरलेला अर्धा भाग वाचावयास घेतला. यशस्वी फोटो चिझुएबाईंनी चौकटीसुद्धा लोणच्याच्या पिंपावर, मुळे दाबावयाच्या दगडाखाली ठेविला, आणि म्हणाल्या, "इथं शोभते हाताची घडी."

लेखनसीमा करितेवेळी एक दुरुस्ती. वर, ओत्सुबोबाईंचा टोला पडला नाही ऐसे लिहिले. बाई दुकानी येऊन बहुत रागावल्या. टोला वेळेवर पडला होता, टाळ्यांत कोणास ऐकू आला नाही. चुकलो. पुन्हा किसतो.