ताफा, विनाशिका आणि दादाचा पाय

जेवणं झाल्या झाल्या धाकट्याने घरात आवाजबंदी जाहीर केली. मिक्सर बंद, वॉशिंग मशीन बंद, आणि बायकोला चालायचंच असेल तर अनवाणी, शक्यतो भिंतीच्या कडेकडेने.

"का पण?" बायकोने विचारलं.

"हळू बोल. मी ताफ्याच्या खाली शिरलोय."

बायकोने वाकून टेबलाखाली बघितलं. तिथे वायरींचा गुंता होता, एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि नवऱ्याचे पाय होते. समुद्र कुठेच नव्हता.

कॉम्प्युटरवरचा पाणबुडीचा हा खेळ बरेच लोक खेळतात. पण त्यात एक सोय असते, जी कुठलाही शहाणा माणूस पहिल्याच दिवशी बंद करून टाकतो. कॉम्प्युटरचा माइक चालू ठेवला, की खोलीतला आवाज पाणबुडीतला आवाज धरला जातो. तुम्ही इकडे शिंकलात, की तिकडे वर समुद्रावर फिरणाऱ्या विनाशिकेला, म्हणजे पाणबुड्या बुडवणाऱ्या युद्धनौकेला, तुमचा पत्ता लागतो. धाकट्याने ही सोय अभिमानाने चालू ठेवली होती. वर खेळाचा प्रकारही असा निवडला होता, की एकदा बुडालात की संपलं; सगळी कारकीर्द पुसली जाते. ऑफिसात त्याला प्रिंटरमधला कागदसुद्धा विचारून घ्यावा लागायचा. पाण्याखाली तो कॅप्टन होता. पुसलं जाण्यासारखं त्याच्याकडे तेवढंच होतं.

आत्ता त्याने शत्रूच्या जहाजांच्या ताफ्यातलं एक तेलवाहू जहाज उडवलं होतं आणि चिडलेली विनाशिका डोक्यावर गिरट्या घालत होती. धाकटा श्वाससुद्धा हप्त्याहप्त्याने घेत होता.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. विनाशिका वळली.

दारात दादा होता. दादा म्हणजे धाकट्याचा थोरला भाऊ. त्याची ड्रायव्हिंग स्कूल होती आणि शिकाऊ लोकांवर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा तयार झाला होता, की तो कानात काही सांगायला लागला की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. गेलं वर्षभर दोघं भाऊ बोलत नव्हते. कारण एवढंच, की गाडी मागे कशी घेऊ नये हे शिकवताना दादा वर्गात धाकट्याचं उदाहरण द्यायचा, फळ्यावर चित्र काढून. एका तुकडीत धाकट्याच्या साहेबांची बायको होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी धाकट्याला बघून तोंडाने रिव्हर्सचा आवाज काढला.

बायकोनेच फोन करून दादाला बोलावलं होतं. "या हो भाऊजी. तो घरीच असतो, काही करत नसतो," असं तिने सांगितलं होतं. तेवढ्या भरवशावर जन्मात कधी माफी न मागितलेला माणूस माफी मागायला आला होता.

"मी जरा बोलायला आलोय," दादा म्हणाला. विनाशिकेने वेग वाढवला.

धाकट्याने ओठांवर बोट ठेवलं, दोन्ही कानांवर हेडफोन दाबले आणि बाजूच्या खुर्चीकडे हात केला. दादा बसला. भाऊ तोंड उघडू देत नाही म्हणजे अजून किती दुखावलाय, हे बघून त्याचं मन भरून आलं. तो बोलायला लागला.

तो किती वेळ आणि काय बोलला, हे धाकट्याला कळलं नाही. त्याच्या कानात पाण्यातले बॉम्ब फुटत होते. पाणबुडीचे दिवे गेले, मागच्या भागात पाणी शिरलं, आणि विनाशिका एवढी अचूक कशी येतेय ते त्याला समजेना. शेवटी पाणबुडी किती खोल गेली ते दाखवणारा लाल काटा खाली, अगदी खाली गेला, तेव्हा त्याने बाजूला बघितलं. दादा रुमालाने डोळे पुसत होता आणि पडद्याकडे बघत होता.

दादाने त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला. "हे काय आहे?"

"मेलो आपण," धाकटा पुटपुटला. 'आपण' कसं निघून गेलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"मरायला काय झालंय? हा ठिपका म्हणजे मागे लागलेला तो का? मग त्याच्याच मागे जा. पुढे बघणारा माणूस मागे बघत नाही. माझा रोजचा अनुभव आहे."

"दादा, हळू."

दादा हळू बोलायला लागला. म्हणजे बोटांनीच. एक बोट डावीकडे, की धाकटा डावीकडे. तळहात खाली, की वेग कमी. ज्या सूचनांवर चिडून धाकटा वर्षभरापूर्वी गाडीतून उतरून रिक्षाने घरी गेला होता, त्याच सूचना तो आता मुकाट्याने पाळत होता. पाणबुडी विनाशिकेच्या शेपटाला लागून निघाली. बॉम्बचे आवाज लांब गेले. पडद्यावर अक्षरं उमटली: धोका टळला.

"सुटलो!" धाकट्याने दादाचा खांदा गच्च धरला.

"वर घे, वर घे, बघू तरी!" दादा लहान मुलासारखा पुढे सरकला.

धाकट्याने पेरिस्कोप वर काढला. समोर दुसऱ्याच एका जहाजाचं नाक होतं, पडदाभर, आणि वाढत होतं.

शिकवणाऱ्याच्या गाडीत त्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोर काही आडवं आलं, की दादाचा उजवा पाय डोक्याला न विचारता खाली जायचा. तो आत्ताही गेला. टेबलाखाली ब्रेक नव्हता, एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण होतं.

पडदा काळा झाला.

"थांबली," दादा समाधानाने म्हणाला.

धाकट्याने टेबलाखाली बघितलं आणि मग जे तो बोलला, ते वर्षभर साठवलेलं होतं. "तू शिकवलंस म्हणून मला गाडी येत नाही! तू आलास म्हणून हे गेलं! यापुढे माझ्या कशाला म्हणून पाय लावू नकोस!"

"बरं," दादा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला, की कुठल्याही विनाशिकेला ऐकू गेलं नसतं. चपला घालून तो निघून गेला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"एवढं सगळं बोलले ते, आणि तू हे बोललास?"

"काय बोलला?"

"म्हणजे? तू ऐकलंच नाहीस?"

"हेडफोन होते कानाला."

"मग ऐकलं कोणी?"

"विनाशिकेने," धाकटा म्हणाला. ती इतकी अचूक कशी येत होती, ते त्याला आत्ता उमगलं. "काय म्हणाला, सांग ना."

"मी नाही सांगणार. एवढं ऐकायचं होतं तर पाण्याच्या वर यायचं."

धाकट्याने बटण दाबून कॉम्प्युटर सुरू केला. धोका टळला त्या क्षणाची नोंद खेळाने आपणहून करून ठेवली होती. पाणबुडी शाबूत होती, कारकीर्द शाबूत होती. आणखी थोडा वेळ वीज राहिली असती, तर त्या नाकाने सगळं पुसून टाकलं असतं. दादाचा ब्रेक लागला होता.

धाकटा जिने उतरून पळत खाली गेला. दादाची ड्रायव्हिंग स्कूलची गाडी जागेवरच होती. आत दादा होता, पट्टा लावून, पण बाजूच्या सीटवर. स्टिअरिंगसमोर कोणीच नव्हतं.

"रागात सवयीने बसलो," काच खाली करून दादा म्हणाला. "आता उतरून पलीकडे गेलो तर तुमचे शेजारी हसतील. वर गॅलरीत उभेच आहेत सगळे."

"मी सोडतो घरी," म्हणत धाकटा स्टिअरिंगसमोर बसला. पुढे टेम्पो उभा होता. म्हणजे गाडी मागे घेणं आलं.

"दादा, ते मघाशी मी..." एवढं म्हणत त्याने गिअर टाकला. गाडी त्याच्या अपेक्षेपेक्षा बरीच जोरात निघाली. त्याने पाय मारला, तो भलत्याच ठिकाणी बसला. "ब्रेक! दादा, ब्रेक!"

दादाने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले होते. "तू म्हणालास कशाला पाय लावू नकोस."

"चुकलो मी, दादा! चुकलो! लाव पाय!"

दादाचे पाय सुटून खाली गेले. त्याच्या आधी खांब आला.

दोघं उतरून मागे गेले. मागचा दिवा फुटून रस्त्यावर लाल चुरा पडला होता. दादा उकिडवा बसून एकेक तुकडा उचलायला लागला.

"'चुकलो' हेच जरा आधी म्हणाला असतास, तर दिवा वाचला असता," तो म्हणाला.

"तू मघाशी काय म्हणाला होतास?" धाकट्याने विचारलं.

"हेच."

धाकटाही शेजारी बसून तुकडे वेचायला लागला. वरून शेजारी बघत होते. वर्षभरानंतर दोघा भावांना एकाच वेळी एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं.