कोण म्हणलं, कुठं छापलं, कवा?

आमच्या शेजारच्या साळवे सरांना "आज लई ऊन हाय" असं नुसतं म्हणून बघा. चष्मा कपाळावर चढवून विचारतील, "कोण म्हणलं? कुठं छापलं? कवा?"

खरंच! फुगवून सांगत नाहीये मी. सर इथंच माजलगावच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. माणूस रिटायर झाला, सवय काही रिटायर झाली नाही. रज्जाकभाईंच्या हॉटेलात कुणी म्हणलं, "धरणाचं पाणी सोडणार हायत म्हणं," की सरांचा कप खाली.

"कोण म्हणलं?"

"लोकं म्हणत्यात की, सर."

"लोकं हे लेखकाचं नाव न्हाई."

झालं, तो बिचारा चहा अर्धा टाकून पसार! आमच्या दादाच्या बाळाच्या बारशाला आत्या कौतुकानं म्हणली, "पोरगं अगदी आज्यावर गेलंय." सर म्हणले, "आज्याचा त्या वयातला फोटो हाय का? नसंल तर नुसती तोंडी माहिती म्हणा." आत्यानं जिलबी वाढताना सरांचं ताट बरोबर वगळलं.

आणि नियम स्वतःलाही बरं का. विनोद सांगायच्या आधी म्हणणार, "हा विनोद माझा न्हाई. आमच्या मामाचा. तोंडी. साल आठवत न्हाई." लोक तिथंच हसून घेतात, कारण पुढचा विनोद काही खास नसतो.

तर अशा माणसाच्या शेजारी मी सॉफ्टवेअर लिहिते. घरूनच. सध्या काय करते, तर एआय एजंटसाठी एक टूल. एजंट म्हणजे काम सांगितलं की स्वतःच शोधाशोध करणारा प्रोग्राम. हुशार असतो, पण एक खोड लई वाईट: शोधनिबंध विचारला आणि माहीत नसला, तर ठोकून देतो! लेखक, साल, मासिक, सगळं झकास, आणि सगळं बनावट. माझं टूल त्याला खऱ्या नोंदींकडं नेतं. निबंध असला तर नाव, लेखक, साल, कुठं छापला ते सांगतं. नसला तर सरळ "नोंद सापडली नाही".

हे सरांना सांगितलं आणि ते खुर्चीतून उठलेच. "म्हंजी तू मशीनला विचारायला लावलंस, कोण म्हणलं, कुठं छापलं, कवा?"

"हो सर!"

"आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं बग माझं."

तेव्हापासून रोज सकाळी "जयभीम, चालू कर" म्हणत हजर. सर निबंधांची नावं सांगणार, मी टाइप करणार. "नोंद सापडली नाही" आलं की सर खूश! "शाब्बास. न्हाई म्हणाया हिंमत लागती." आणि जायच्या आधी रोज लॅपटॉप स्वतःकडं वळवून, एका बोटानं काहीतरी टाइप करायचे. मला दिसू द्यायचे नाहीत. उत्तर बघून "बराबर हाय" एवढंच म्हणायचे आणि निघायचे.

मग एक दिवस मला हुक्की आली. म्हणलं, "सर, आज टूल बंद करते. बघा एजंट एकटा कशा थापा मारतो!" सरांनी एका बोटानं काहीतरी टाइप केलं, आणि एजंट सुटलाच! धडाधड तीन निबंध. मी मान वळवून वाचलं. तिन्हीवर एकच लेखिका: मंदाकिनी साळवे.

तरी माझी ट्यूब पेटली नाही, मी हसत सुटले. "बघा, सगळं बनावट!"

सर हसले नाहीत. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून बसले.

"बनावट हाय. ठाव हाय मला," ते म्हणले. "पण हे बग. 'सीताफळाच्या बियांच्या अर्कानं पिठ्या ढेकणाचा बंदोबस्त.' तिला हेच करायचं व्हतं. म्हणायची, त्याच झाडाच्या बीनं त्याच झाडाची कीड जाती का बगू. लिहायच्या आधीच गेली."

मंदाकिनीकाकू, सरांच्या बायको. त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी शाळेत असतानाच वारल्या. त्यांचा छापलेला निबंध एकच, डोंगरातल्या सीताफळाच्या किडीवर, कॉलेजच्या पत्रिकेत. ती पत्रिका इंटरनेटवर नाहीच. सर रोज तोच एक निबंध शोधत होते, आणि माझं टूल रोज, अगदी प्रामाणिकपणे, नाही म्हणत होतं.

"सर, मला कावून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? नोंद न्हाई तर न्हाई. मशीन बराबर हाय."

"मशीन बरोबर हाय, पण नोंद आपण करू की!"

पत्रिकेचा अंक सरांच्या कपाटात होताच. मी म्हणलं, लगेच फोटो काढून चढवू. सर म्हणले, "परवानगी?" आणि इस्त्रीचा शर्ट घालून, अर्ज घेऊन, स्वतःच्याच जुन्या कॉलेजात गेले! प्राचार्यांनी हसत सही दिली. पानं नीट स्कॅन केली, शोधनिबंधांच्या एका खुल्या संग्रहात टाकली. नोंद आमच्या टूलपर्यंत पोचेपर्यंत सर दारातूनच विचारायचे, "आलं?"

आणि आलं! टूल चालू. सरांचं एक बोट. नोंद सापडली. लेखिका: मंदाकिनी साळवे. मी ओरडलेच. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला. मग म्हणले, "आता बंद कर. बॅटरी जाईल." वायर लावलेली होती हो!

तिथून आम्ही तडक रज्जाकभाईंच्या हॉटेलात. सर उभ्याउभ्याच म्हणले, "आमच्या हिचा निबंध आता जगात कुणालाबी सापडतो."

रज्जाकभाईंनी गाळणी खाली ठेवली. आयुष्यभराची संधी! त्यांनी बाकीच्यांकडं बघितलं, आणि सगळं हॉटेल एका सुरात ओरडलं, "कोण म्हणलं? कुठं छापलं? कवा?"

सर बाकावर बसले आणि एकेक उत्तर द्यायला लागले. पत्रिका सांगितली. साल सांगितलं. लेखिकेचं नाव सांगितलं. मग कुणी विचारलं नव्हतं, तरी नाव परत एकदा सांगितलं.