परबकाकांची मस्कतातली जत्रा

परबकाका प्रत्येक प्रयोगाआधी लाइटच्या बोर्डाला उदबत्ती ओवाळतात आणि त्याच्यापुढे चक्क गाऱ्हाणं घालतात: "बा देवा म्हाराजा, आज एकव बल्ब उडाक नको रे म्हाराजा." त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणायचं काम आमच्या मस्कतच्या नाट्यगृहातल्या सगळ्यांचं. साउंडवाला केरळचा जोसेफ ते असं खणखणीत म्हणतो की मालवणचाच वाटावा. मी ऑफिसात बसणारा, त्यात पुण्याचा. माझं "होय महाराज" काकांना कधी पसंत पडलं नाही.

जगभरचे कार्यक्रम बघूनही काकांचं मत एकच: "दशावताराची सर नाय." बॅलेवर त्यांनी शेरा मारला, "नुसते बोटार उभे. बोलाक कोणाक येणा नाय."

मग न्यूझीलंडहून तिथल्या मूळच्या माओरी लोकांचं संगीत नाटक आलं, नेमकं काकांच्या गावच्या जत्रेच्या दिवशी. जत्रेत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान परबांच्या घराचा. काका चार वर्षं गेले नव्हते, आणि यंदा आला नाहीत तर मान दुसऱ्या घराला देऊ, असं गावाने कळवलं होतं. नाट्यगृहाच्या साहेबांनी रजेच्या अर्जावर "शो के बाद, इन्शाल्ला" म्हणून विषय खलास केला. काकांनी सगळा राग पोस्टरवरच्या जीभ काढलेल्या माओरी गड्यावर काढला. म्हणाले, "माझी जत्रा खाल्ल्यान आणि वर जीभ दाखवता."

प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगमंचावर माओरींच्या रीतीने भेटीचा कार्यक्रम ठरला होता. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या पुढाऱ्याने आपला डोंगर, आपली नदी, गेलेले वाडवडील अशी एकेक नावं घेतली. मागच्या सगळ्यांनी गाणं म्हटलं. मग तो म्हणाला, आता तुमची माणसं सांगा. साहेबांनी एसी आणि पार्किंगबद्दल दोन पानं वाचून दाखवली. पाहुणे वाट बघत उभेच राहिले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

तेवढ्यात काका बोर्डामागून उठले, चपला काढून वर आले आणि हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी जत्रा..." गावचा डोंगर झाला, खाडी झाली, पणजा झाला, आजा झाला, शेवटी बापूस विठोबा सखाराम परब. मग त्यांचा मुलगा म्हणून स्वतःसाठी मागणं: "जो झील दर्यापार गेलो, तेका इसरू नको रे म्हाराजा." जोसेफने साथ दिली, आणि दुसऱ्या खेपेला सगळे माओरीही "व्हय म्हाराजा" म्हणाले. म्हाताऱ्याने पुढे होऊन त्यांच्या रीतीचा नमस्कार म्हणून काकांच्या नाकाला नाक टेकवलं. काका इतके दचकले की मला हसू आवरेना.

नंतर मी बोर्डाजवळ गेलो. मान सकाळीच दुसऱ्या घराला गेला होता, तसा गावाहून फोन आला होता. मी आपला म्हणालो, देवाला इथलंही पोचलं असेल.

"देवाचा काय, तो खयसूनव ऐकता," काका म्हणाले. "पण माझ्या बापाशीचा नाव आज गावात कोणी घेऊक नाय."

त्यांचे डोळे भरले होते. इतकी वर्षं मी या माणसाला नुसता हसत आलो, याची मला लाज वाटली. मी म्हटलं, "विठोबा सखाराम परब."

काकांनी लाइटची बटणं पुसता पुसता मान हलवली.

"आजून एकदा घे," म्हणाले.